सोमवारपर्यंत

अंबरनाथ (पूर्व), ११ ऑगस्ट २०२५

चि. अस्मिता हिस शिवराम रोकडे यांचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ कर. तुझी आई जाऊन सहा महिने झाले आणि तू घर सोडून गेलीस त्याला तीन. इतके दिवस वाटत होते की तू माझा ब्लॉक केलेला नंबर पुन्हा चालू करशील, मग फोनवरच बोलू. आता तसे वाटत नाही. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे वैष्णवीच्या नावाने बदलापूरला टाकतो आहे. ती तुझ्या ऑफिसात होती, तिला तू कुठे आहेस ते ठाऊक असणार. पाकिटावर 'खाजगी' लिहिले आहे. तसे लिहिले की लोक मुद्दाम उघडतात, असे कमळाकर काका म्हणाला. पण तोपर्यंत लिहून झाले होते.

मी बरा आहे. बीपीची गोळी सकाळची की संध्याकाळची यात घोळ होतो, म्हणून दोन्ही वेळेला अर्धी अर्धी घेतो. बाहेर पडताना गॅस बंद केला का हे बघायला जिन्यावरून तीनदा परत येतो. आई असताना ती आतूनच 'केलाय' म्हणायची.

आता मुद्द्याचे. तुझ्या उल्हासनगरच्या ऑफिसचे जे झाले त्यात माझी चूक एवढीच, की मला फोनमधले नीट कळत नाही. तूच शिकवले होतेस. फोनमधल्या नकाशावर तुझ्या गिऱ्हाइकांची दुकाने दिसतात, फोन विचारतो हे चालू आहे का, आत बसायला जागा आहे का, तेव्हा हो दाबत जा आप्पा, माणसाने सांगितले की दुकान वर येते. मी दाबत गेलो. कंपनीच्या गेटवर एकतीस वर्षे टाईमकीपर होतो. हजर तो हजर, गैरहजर तो गैरहजर, कधी खाडाखोड केली नाही. शिवाय पेन्शनसाठी हयातीचा दाखला याच फोनला चेहरा दाखवून होतो, त्यामुळे फोनने विचारलेले सोडून दिले तर काही अडकेल अशी मला भीती. तू हसायचीस. म्हणायचीस, आप्पा, उत्तरे देऊन देऊन नकाशावर तुमची लेव्हल सहा झाली, बाजारात माझ्यापेक्षा तुमच्या शब्दाला वजन आहे.

तर आई गेली त्या आठवड्यात मी तुझ्या ऑफिसवरून जात होतो आणि फोनने तुझ्याच ऑफिसचे विचारले. शटर खाली होते. तात्पुरते बंद आणि कायमचे बंद असे दोन पर्याय, अक्षरे बारीक, चष्मा घरी. चुकीचे दाबले गेले. मग फोटो मागितला, तो काढला. शटरला तू लावलेला कागद वाऱ्याने दुमडला असेल, मी कुठे बघत बसलो. एवढेच झाले. एवढ्यावरून कोणी बापाला सोडत नाही.

फोन कर.

तुझा आप्पा


अंबरनाथ, २९ ऑगस्ट २०२५

चि. अस्मिता हिस सप्रेम जयभीम.

उत्तर नाही. वैष्णवीला पत्र मिळाले की नाही हेही कळले नाही. पण मी हात बांधून बसलेलो नाही. काल उल्हासनगरला फर्निचर बाजारात जाऊन आलो. मनात आले, तुझी जुनी गिऱ्हाइके परत आणून देतो, मग तूही येशील. कमलेशशेठकडे गेलो. तू त्याच्या सोफ्यांची वेबसाईट करत होतीस, म्हणून आधी तोच.

त्याने मला विकायच्या सोफ्यावर बसवले. प्लास्टिक काढले नव्हते, पँट सारखी चिकटत होती.

"अंकल, मॅडम गुजर गयी सुना, बहुत बुरा लगा," तो म्हणाला. "फिर सुना जिंदा है. वो और बुरा लगा."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. काय करणार.

तुला हे ठाऊक असेल, तरी मी काय ऐकले ते लिहितो. त्याने नकाशात बघितले तर तुझे ऑफिस कायमचे बंद. खाली माझा फोटो. फोटोत 'दुःखद निधन' आणि त्याखाली तुझे नाव. "मराठी इतना तो हम भी पढ़ लेते हैं," म्हणाला. त्याने व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले, ओम शांती. सत्तर जणांनी हात जोडले. तुझी दोन-तीन वर्षे जुनी ओळख असलेल्या एकाने दुकानात तुझ्यासाठी दोन मिनिटे उभे राहून मौन पाळले, गिऱ्हाइकालाही उभे केले.

"चार दिन बाद उसी नंबर से फोन आता है. मेरी घरवाली बोली, मत उठाओ."

मी म्हणालो, शेठ, गैरसमज झाला, कागद दुमडला होता.

"काम अधूरा था ना अंकल. सीझन सिर पे, और मॅडम की तारीख दो बार निकल चुकी. बाजार तो बोलेगा. बहाने हमने बहुत सुने, किसी की नानी मरी, किसी का मामा मरा. खुद मरने वाली पहली बार देखी."

मग त्याने विचारले, "वो फोटो डाला किसने?"

मी म्हणालो, कोणीतरी टाकला असेल. हल्ली काय, कोणीही टाकतो.

घरी येऊन मी तुझा कागद आठवून लिहून काढला. पाच ओळी होत्या. पहिली, दुःखद निधन. दुसरी, कालकथित चांगुणाबाई शिवराम रोकडे. तिसरी, सोमवारपर्यंत. चौथी, कार्यालय बंद राहील. पाचवी, अस्मिता रोकडे. दुसरी आणि तिसरी दिसली नाही तर काय उरते ते आता माझ्या लक्षात आले. वारा कुठून येईल आणि कुठली ओळ झाकेल हे कोणाच्या हातात नसते.

लोकांचे मनावर घेऊ नकोस. घरी ये. इथे आईच्या खाटेजवळ टेबल लावता येईल, इंटरनेट कमळाकरच्या घरून ओढता येईल.

तुझा आप्पा


अंबरनाथ, १६ सप्टेंबर २०२५

चि. अस्मिता हिस सप्रेम जयभीम.

तुझी मैत्रीण फार तोंडाळ झाली आहे, हे तुला कळावे म्हणून लिहितो. रविवारी मी कुळगावला तिच्या घरी गेलो होतो. पत्रे पोचतात की नाही एवढेच विचारायचे होते. दार उघडून म्हणते, "या काका. चहा देते. पत्ता देणार नाही."

मी म्हणालो, पत्ता कोण मागतो आहे.

"मागाल. आधी बसा."

चहात साखर नव्हती. मागितली तर म्हणाली, तुमच्या वयाला बरी नाही. पत्रे तुला पाठवते म्हणाली, पण तू उघडतेस की नाही ते विचारायचे नाही, अशी अट घातली.

मी समजावून सांगितले की म्हाताऱ्या माणसाच्या हातून चुकीचे बटण दाबले गेले, तेव्हा जोरात वारा होता. तिने ऐकून घेतले. मग स्वतःचा फोन आणला. तो फोटो तिने जपून ठेवला आहे. का ठेवला विचारले तर म्हणाली, "अस्मिताने पुसला. मला पुसवला नाही." तिने दोन बोटांनी तो मोठा केला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"काका, वारा कागद फाडतो, उडवतो. साडीच्या निरीसारखी चुणी घालत नाही."

मी म्हणालो, कागदाचे काही सांगता येत नाही.

"बरं. आणि हा कोपऱ्यात अंगठा आहे तो वाऱ्याचा का?"

मी चष्मा पुसला. अंगठा होता. नखावर काळा डाग, कंपनीच्या गेटच्या दारात बोट चेमटले होते त्याचा. तू लहान असताना त्यावर फुंकर घालायचीस.

मग तिने मला न विचारता पुष्कळ सांगितले. नकाशावर तुझे ऑफिस परत उघडायला वीस दिवस लागले. त्या वीस दिवसांत तू बाजारात एकेका दुकानात जाऊन उभी राहिलीस, मी जिवंत आहे म्हणून सांगायला. एकाने पुरावा मागितला तेव्हा आधार कार्ड काढून दिलेस. तो म्हणाला, आधार तो मरे हुए का भी चलता है. तू म्हणे तिथेही हसलीस आणि बाहेर येऊन रिक्षा स्टँडच्या मागे ओकलीस.

"एवढं होऊन तिने एकालाही सांगितलं नाही की फोटो बापाने टाकला," वैष्णवी म्हणाली. "मी सांगणार होते. तिने मला शपथ घातली."

मी चहा पिऊन निघालो. निघताना तिच्या सासूला जयभीम घातला, तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

अशा पोरींची संगत बरी नव्हे. तू सांगितले नाहीस हे चांगले केलेस. घरातली गोष्ट घरात राहिली.

तुझा आप्पा


अंबरनाथ, ९ ऑक्टोबर २०२५

चि. अस्मिता हिस.

चार दिवस हे पत्र लिहितो आहे आणि फाडतो आहे. आता लिहितो ते फाडणार नाही.

अंगठा माझाच आहे. वारा नव्हता.

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुला म्हणालो होतो, ऑफिस सोड, आता घरूनच काम कर, माझे कोण बघणार. तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, "आप्पा, मी सोमवारी उघडणार आहे. डबा करून ठेवून जाईन." डबा शब्द तू असा उच्चारलास, जणू गेटवरच्या कुत्र्याला घालायचा आहे. तसा नसेल उच्चारला. मला तसा ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला गेलो. वाट चुकून नाही, त्यासाठीच गेलो. चष्मा डोळ्यावर होता. कागदावर 'सोमवारपर्यंत' वाचले आणि तो एकच शब्द नको होता. सोमवार गेला तर शुक्रवार येईल, महिना जाईल, लोक दुसरीकडे वळतील, मग तू घरी बसशील, इतकेच डोक्यात होते. चुणी घातली. आईचे नाव त्या शब्दाच्या अगदी वर होते, तेही आत गेले. नाव झाकायचे नव्हते. पण फोटो काढल्यावर मी तो वाचला. वाचून समोरच्या ओट्यावर बसलो. तुझे निधन झाले असे त्यात लिहिले होते आणि मला ते नीट कळले होते. बसून एक केळे खाल्ले. मग पाठवले.

एका फोनने भागले नाही. फोन म्हणाला, आम्ही तपासत आहोत. म्हणून कमळाकरचा फोन मागून घेतला, त्याला सांगितले पेन्शनचे काम आहे. मग आईचा. तिच्या फोनचे कुलूप तुझ्या जन्मतारखेचे. तिच्या फोनवरूनही मी कायमचे बंद दाबले. लगेच मान्य झाले. फोनने तिला धन्यवाद दिले.

आता दुसरी गोष्ट. ती यापेक्षा जुनी आहे आणि तुला ती ठाऊक आहे, फक्त तुझ्याजवळ पुरावा नव्हता.

आईला दम लागला तेव्हा तिला घेऊन मी उल्हासनगरच्या ज्या दवाखान्यात गेलो, तिथून तुझे ऑफिस रिक्षाने दहा मिनिटांवर. साडेदहाला गेलो. ती दीडला गेली. तीन तास. अकराच्या सुमारास ती म्हणाली, "अस्मिताला बोलवा." मी म्हणालो, बोलवतो. थोड्या वेळाने म्हणाली, "आली का?" मी म्हणालो, फोन उचलत नाही. तिने मान वळवली. पुन्हा एकदा विचारले, तेव्हा मी नुसता फोन कानाला लावून दाखवला. केला नव्हता.

तू विचारशील का. मला वाटले होते संध्याकाळपर्यंत तिला बरे वाटेल, आपण घरी जाऊ, आणि मग तू आलीस की मला म्हणता येईल, बघ, आई मरत होती आणि तू नव्हतीस. हे म्हणायला मिळावे म्हणून मी थांबलो. मला कुठे ठाऊक की ती खरेच जाईल. गेल्यावर फोन केला तो पहिला, दीड वाजून गेल्यावर. तू अकरा मिनिटांत आलीस.

जलदान विधीला कमळाकर सगळ्यांसमोर म्हणाला, "आई मरते आणि पोरगी वेबसाईट लाईव्ह करत बसते. पाच वेळा फोन केला दादाने." पाच हा आकडा त्याला मीच सांगितला होता. तू फोन काढून त्याच्यासमोर धरलास. "काका, बघा. दीडच्या आधी एक तरी आहे का?" तो म्हणाला, "पुसला असशील. तुझा धंदाच तो." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तू माझ्याकडे बघितलेस. मी बुद्धांच्या तसबिरीपुढची मेणबत्ती सरळ करत होतो. ती सरळच होती.

तेव्हा मी दोन शब्द बोललो असतो तर पुढचे काहीच झाले नसते. बोललो नाही, कारण बोललो असतो तर सगळे माझ्याकडे बघायला लागले असते.

आता सांगितले. माझ्याकडे लपवलेले काही राहिले नाही, तेव्हा तुलाही राग धरायला काही राहिले नाही असे मला वाटते. कमळाकरला मात्र यातले काही कळवू नकोस. त्याच्याच घरून मला दुपारचे जेवण येते.

आप्पा


अंबरनाथ, २ नोव्हेंबर २०२५

चि. अस्मिता हिस.

इतके कबूल करूनही उत्तर नाही. खुनी माणसालाही कोर्ट काहीतरी सांगते.

आता मी काय केले ते सांगतो, रागावू नकोस. वैष्णवीच्या टेबलावर चिवड्याचे पाकीट होते, नाशिकचे. तिने मला ते फोडून दिले नाही, पण पाकिटावरचे वाचायला कोणी अडवले नव्हते. तिला नाशिकचा चिवडा तूच दिला असणार, म्हणून घरी येऊन नकाशावर नाशिक काढले. वेबसाईट बनवणारे म्हणून शोधले तर शेकड्यांनी निघाले. रोज दुपारी वीस-वीस बघायचो, फोटोत तू दिसतेस का म्हणून. महिना गेला. मग एक दिवस काही न सुचून नुसते आईचे नाव टाकले.

चांगुणा वेब सर्व्हिसेस. दुसरा मजला, खाली झेरॉक्सचे दुकान. तेवीस लोकांनी चांगले लिहिले आहे. एका शाळेच्या बाईंनी लिहिले आहे की मॅडम फोन पहिल्या रिंगला उचलतात.

मी मंगळवारी कल्याणहून एसटीने नाशिकला आलो होतो. तुला भेटायला नव्हे, नुसते बघायला. समोरच्या पानपट्टीजवळ दोन तास उभा होतो. पानवाला म्हणाला, "बाबा, कोणाची वाट बघताय?" मी म्हणालो, मुलगी वर काम करते. "चांगुणाताईंचे वडील का?" असे त्याने विचारले. तिथे तुला लोक आईच्या नावाने हाक मारतात. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही.

साडेबाराला तू खाली आलीस. केस कापले आहेस. एका गिऱ्हाइकाला गाडीपर्यंत सोडायला आली होतीस आणि कशावरून तरी हसत होतीस. मग तू इकडे बघितलेस. मला बघितलेस की मागची पाटी, ते कळले नाही. तू रस्ता ओलांडशील म्हणून मी पिशवी खाली ठेवली आणि टोपी काढली. तू वर गेलीस. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्याची खिडकी आतून लागली. ऊन येत असेल.

तेव्हापासून माझे जेवणावर लक्ष नाही. कमळाकरची सून डबा दारात ठेवते आणि बेल वाजवून निघून जाते. हयातीचा दाखला याच महिन्यात करायचा आहे. दोनदा चेहरा धरला, जुळत नाही म्हणतो. मागच्या वर्षी तू माझी हनुवटी धरून वर केली होतीस.

नाशिकहून परत आलो त्या दिवसापासून फोन रोज एकच प्रश्न विचारतो आहे. तुम्ही इथे गेला होता. चांगुणा वेब सर्व्हिसेस. हे ठिकाण अजून चालू आहे का? हो, नाही, माहीत नाही. मी फोन उपडा ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. माझी लेव्हल आता सात झाली आहे. आईचा फोनही मी चार्ज करून ठेवला आहे, बंद पडू देत नाही. तिची आठवण म्हणून.

याला धमकी समजू नकोस. धमकी द्यायला मी कोण. मी भित्रा माणूस आहे, दिवसभर एकटा बसतो, आणि मी काय करतो ते मला केल्यावर कळते, हे तुला आता माहीत आहे. मी अजून काही दाबलेले नाही. आजही नाही.

एक ओळ चालेल. कोरे कार्ड पाठवलेस तरी चालेल, त्यावर तुझ्या हाताने माझा पत्ता असू दे. पण लवकर पाठव, अस्मिता, या आठवड्यात पाठव.

तुझा आप्पा